सत्त्याहत्तरचा दिनार

हिजरी सन 77, म्हणजे इसवी सन 696-97. दमास्कसच्या गादीवर उमय्यद खलिफा अब्दुल मलिक होता. अरबांनी शाम (सीरिया) आणि मिसर (इजिप्त) जिंकून अर्धं शतक उलटून गेलं होतं, तरी तिथल्या बाजारात सोनं चालत होतं ते बायझँटाइन सम्राटाच्या छापाचंच. अरबांनी आधी त्याचीच नक्कल केली. हेरॅक्लियस आणि त्याच्या दोन मुलांची चित्रं तशीच ठेवली, फक्त क्रूसाचा आडवा दांडा तेवढा काढून टाकला. मग 74 ते 77 या वर्षांत तलवार लावलेला उभा खलिफा नाण्यावर आला. आणि 77 सालीच अब्दुल मलिकने चित्रांना कायमची रजा दिली. दोन्ही बाजूंना नुसती अक्षरं: मध्ये तीन ओळी, आणि कडेने गोल फिरलेली एक ओळ. वजन 4.25 ग्रॅम, म्हणजे एक मिस्काल. त्यावर खलिफाचं नाव नाही, टाकसाळीचं नाव नाही. मागच्या बाजूला कडेने एवढंच, की अल्लाहच्या नावाने हा दिनार अमुक वर्षी पाडला.

उमय्यदांची सत्ता 132 पर्यंत टिकली आणि दिनार वर्षागणिक पडत राहिले. त्यामुळे संग्राहकांना एक छंद जडतो. प्रत्येक वर्षाचा एक, अशी माळ पुरी करायची. बहुतेक वर्षं पैसे मोजले की मिळतात. पहिलं वर्ष मात्र सहजासहजी मिळत नाही.

दुबईत, देऱ्याच्या सोनेबाजारातल्या एका गल्लीत, दापोलीकडचे एक कोकणी कारागीर बसत. सगळा बाजार त्यांना चाचा म्हणे. तरुणपणी गल्फात आले ते दागिने घडवायला. पण शाळा उर्दू, मदरशात शिकलेली अरबी, आणि हात सोनाराचा, असं तिहेरी शिक्षण एका माणसात क्वचितच भेटतं. शामी, इराकी, येमेनी बायका आजीच्या हारातली नाणी मोडायला आणत, आणि ती भट्टीत जाण्याआधी चाचा एकदा भिंगाखाली धरत. मालकाने त्यांना तेवढी मोकळीक दिली होती. त्या मोकळिकीमुळे किती इतिहास वितळायचा वाचला, याची नोंद कुणीही ठेवलेली नाही.

चाचांची एक रीत होती. आधी काटा. मग कसोटीवर अगदी पुसटसा कस. मग नाण्याची कड, कारण ओतीव नकलेला कडेला साच्याची शिवण राहते, नाहीतर ती कानशीने घासून काढल्याची खूण राहते. मग अक्षरं. ठशावर हातोडा मारून पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार उठतात. ओतलेल्या नाण्याची अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी गुळगुळीत दिसतात. आणि सगळ्यात शेवटी साल.

"साल शेवटी का?" भाच्याने एकदा विचारलं. भाचा तेव्हा कॉलेज संपवून मामूकडे काम शिकायला आला होता.

"साल आधी वाचलं की लालूच आधी येते," चाचा म्हणाले. "मग काटा पण खोटं बोलायला लागतो."

ते भाच्याला ऑफाचा दिनार समजावून सांगत. ते नाणं आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इंग्लंडातल्या मर्सियाच्या ऑफा राजाच्या कारागिराने हिजरी 157 सालचा अब्बासी दिनार समोर ठेवून हुबेहूब नक्कल केली आणि ओळींच्या मधे लॅटिनमध्ये स्वतःच्या राजाचं नाव कोरलं. पण अरबी त्याला वाचता येत नव्हती. राजाचं नाव सरळ धरलं की अरबी मजकूर उलटा दिसतो. "हात किती चांगला बघ," चाचा म्हणत, "वाचता आलं असतं तर काय झालं असतं!"

शेठ त्यांच्याकडे याच काळात येऊ लागले. पुण्याचे, बांधकामाच्या सामानाचा व्यापार. नाण्यांचं वेड आजोबांकडून आलेलं. घरात औरंगजेबाची एक मोहोर होती, खुजिस्ता बुनियाद टाकसाळीची, म्हणजे औरंगाबादची. लहानपणी दिवाळीला ती पूजेत मांडायचे. त्या मोहोरेवरची फारसी अक्षरं काय सांगतात हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि तेच त्यांना लहानपणापासून डाचत होतं. दुबईत पैसा आल्यावर त्यांनी दिनार गोळा करायला घेतले, आणि गोळा करता करता चाचांकडून वाचायलाही शिकले. शुक्रवारी दुपारनंतर ते गाळ्यावर येत, स्टूल ओढून बसत, आणि पाटीवर कूफी अक्षरं गिरवत. एवढा मोठा व्यापारी माणूस लहान मुलासारखा चुका करत शिकतोय, हे पाहून आजूबाजूचे कारागीरही थांबून बघत. मला शेठचं हे रूप महत्त्वाचं वाटतं. ते आळशी किंवा अडाणी संग्राहक नव्हते. त्यांना वाचता येत होतं.

सात आणि नऊचा घोळ त्यांना चाचांनीच समजावला होता. दिनारावरचं साल आकड्यांत नसतं, शब्दांत असतं, आधी एकक आणि मग दशक. त्या काळच्या लिपीत नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, जवळजवळ नसतातच. अरबीत सात म्हणजे सब्अ. त्यात सीनचे तीन दात, मग 'बे'चा एक, मग ऐन. नऊ म्हणजे तिस्अ. त्यात 'ते'चा एक दात, मग सीनचे तीन, मग ऐन. नुक्ते काढले की दोन्हींत चार दात आणि एक ऐन. उर्दू शाळेत या दाताला शोशा म्हणतात. सत्तर आणि नव्वदचंही तसंच.

"म्हणजे," शेठ पाटीकडे बघत म्हणाले, "77, 79, 97, 99... चारही सारखीच?"

"कोरणारा सावध असला तर सारखी नाहीत. सातात शेवटचा शोशा जरा उंच काढतो, नवात पहिला. पण तो केसभर फरक. नाणं झिजलं, त्याला कडी झाळली, कानस लागली, की गेला फरक."

"मग ओळखायचं कसं?"

"शेजाऱ्यांना विचारायचं. 78 आणि 98 मध्ये आठ आहे. समान. आठाचा घोळ होतच नाही, दशकाचे शोशे तेवढे स्वच्छ असलेली घ्यायची. अनोळखी नाणं 78 च्या बाजूला ठेवा, मग 98 च्या. वीस वर्षांत ठसे कोरणारे हात बदलतात. अक्षरांची बैठक, ओळींतलं अंतर, सगळं हळूहळू सरकत जातं. नाणं ज्याच्या घरचं असेल त्याच्यासारखं दिसतं."

शेठकडे 78 होतं. 98 पण होतं. पुढे 79, 97 आणि 99 सुद्धा आली. लाकडी पेटीतल्या मखमली खणांत सालवार मांडलेली माळ जवळजवळ भरली. पहिला खण तेवढा रिकामा.

एका दुपारी शेठ आले ते स्टुलावर बसलेच नाहीत. खिशातून डबी काढली. कुणा व्यापाऱ्याकडे दिनार आला होता, व्यापारी म्हणत होता 77. किंमत इतकी, की शेठने गोदाम विकायला काढायची भाषा केली. चाचांनी काटा लावला. वजन बरोबर. सोनं बरोबर. कडेला शिवण नाही, अक्षरं धारदार. नाणं शंभर टक्के खरं. मग त्यांनी मागची बाजू फिरवली आणि थांबले. कधीकाळी हारात ओवायला या नाण्याला कडी झाळली होती. नंतर कुणीतरी ती काढून कानस मारली होती. आणि कानस फिरली होती नेमकी सालाच्या दोन शब्दांवरून. दातांची मुळं शिल्लक होती, शेंडे गेले होते.

"दिनार अस्सल आहे," चाचा म्हणाले. "साल चारांपैकी कुठलंही."

"पण 77 असू शकतं ना?"

"असू शकतं. 99 पण असू शकतं. उद्या तुमची पेटी घेऊन या, शेठ. 78 आणि 98 शेजारी ठेवू, अर्ध्या तासात कळेल."

शेठ म्हणाले, आणतो. आणि आणली नाही.

माणूस असा वागतो तेव्हा आपण त्याला भोळा म्हणतो. मला ते पटत नाही. पेटी घरात होती, गाडी दारात होती, वाचण्याची विद्या डोक्यात होती. शेठना साल कळत नव्हतं असं नाही. ते कळून घ्यायला त्यांचा नकार होता. व्यापाऱ्याने आणखी एका जाणकाराचा कागद आणून दिला, त्यावर 77 लिहिलेलं होतं. पैसे दिले गेले. पहिल्या खणात दिनार बसला, खाली सुबक अक्षरांत चिठ्ठी लागली. शेठने घरी मेजवानी दिली. चाचांनाही बोलावणं होतं. चाचा गेले, जेवले, पेटीचं कौतुक केलं. कुणी विचारलं नाही, म्हणून ते बोलले नाहीत. त्या घरातली ती संध्याकाळ त्यांना नासवायची नव्हती. मात्र त्यानंतर शेठ शुक्रवारी येईनासे झाले. आधी काम, मग गुडघा, मग काहीच कारण नाही.

एप्रिल 2011 मध्ये लंडनच्या एका लिलावात हिजरी 105 चा एक उमय्यद दिनार सुमारे 37 लाख पौंडांना गेला. त्याच्यावर वर्षाबरोबर, हिजाझमधल्या 'अमीरुल मोमिनीन'च्या खाणीचा उल्लेख आहे. हे सोनं अरबस्तानातल्या कुठल्या खाणीतलं ते नाण्यानेच सांगितलं, म्हणून एवढी किंमत. बातमी सोनेबाजारात पोचली आणि ज्याच्या त्याच्या घरातल्या हारांचे धागे सुटू लागले. गाळ्यावर रीघ लागली. नकली माल वाढला, त्याहून वाईट म्हणजे ताजी माती चिकटलेली नाणी वाढली. युद्धाने उघड्या पडलेल्या देशांतल्या पांढरीच्या टेकाडांतून ती निघत होती. माती दिसली की चाचा नाणं हातातही घेत नसत. जमिनीतून असं उपटलेलं नाणं कुठल्या घरात, कुठल्या घागरीत, कुठल्या दुसऱ्या नाण्यांच्या संगतीत होतं, हे कायमचं पुसलं जातं. मग ते उरतं नुसतं सोनं.

त्या गर्दीत एक म्हातारी इराकी बाई आली. सोबत नातू. रुमालात हार, हारात उस्मानी आणि इंग्रजी सोन्याची नाणी, आणि मध्यभागी एक पातळ दिनार. आजीच्या आजीपासून चालत आलेला. नातवाच्या फीसाठी मोडायचा होता. चाचांनी काटा लावला, कड बघितली, अक्षरं बघितली, आणि सगळ्यात शेवटी साल. कडी झाळली होती ती सालापासून दूर, दुसऱ्या टोकाला. चारही दात स्वच्छ. एककात शेवटचा दात उंच. दशकातही तोच उंच. चाचांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"खाला," ते अरबीत म्हणाले, "हे इथे वजनावर विकू नका."

भाचा नंतर हळूच म्हणाला, "मामू, वजनाने घेतलं असतं तर?"

"घेतलं असतं तर आपण वाचलेलं तिला कधी कळलंच नसतं. वाचणाऱ्याने न वाचणाऱ्याला लुटायचं, त्यासाठी शिकलो का मी?"

बाईच्या परवानगीने त्यांनी एक फोन केला. शेठला शब्द दिलेला होता, 77 आलं तर पहिल्यांदा तुम्हाला. शेठने फोन उचलला, ऐकून घेतलं.

"चाचा, ते माझ्याकडे आहे."

"येऊन बघा तरी. तुमचं 78 घेऊन या. जमल्यास तुमचं 77 पण."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग शेठ म्हणाले, की एक असताना दुसऱ्याची गरज नाही, आणि फोन ठेवला. तो दिनार बघायला जायचं, म्हणजे स्वतःच्या दिनाराला त्याच्या शेजारी उभं करायचं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली, ते त्यांच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर एका रुमालात पडलं होतं, आणि त्यांना ते नको होतं. पहिला खण रिकामा असता तर ते अनवाणी धावत आले असते. चाचांनी बाईला रीतसर लिलाव करणाऱ्यांचा पत्ता दिला. दिनार परदेशी गेला, नातवाची फी भरली गेली, आणि त्यानंतर चाचांच्या गाळ्यावर दुसरं 77 कधी आलं नाही.

चाचा थकले तसे कोकणात परतले. भाचा मात्र त्या विद्येत पुढे गेला. ठशांचा अभ्यास शिकला, नाण्यांची सूक्ष्म छायाचित्रं काढायला शिकला. शेठच्या मुलीने त्याला बोलावलं ते यादी करायला. बाबांचं वय झालं होतं, पेटीचं पुढे काय करायचं ते ठरवायचं होतं, आणि त्याआधी प्रत्येक नाण्याची नोंद, वजन, छायाचित्र हवं होतं. शेठ खुर्चीत बसून एकेक नाणं ओळखीच्या माणसासारखं हातात देत होते, कुठे घेतलं, केवढ्याला, सगळं तोंडपाठ. भाच्याने पहिल्या खणाला हात लावला नाही. मामूची रीत, साल शेवटी. त्याने सगळ्या दिनारांच्या पुढच्या बाजूंची छायाचित्रं आधी काढली, ज्या बाजूला साल नसतंच.

आणि संगणकाच्या पडद्यावर ती एकाखाली एक लावताना त्याला एक तडा दिसला. ठसा वापरून वापरून चिरतो, आणि चिरलेल्या ठशाखाली पडलेल्या प्रत्येक नाण्यावर ती चीर बारीक रेघेसारखी उठते. 98 च्या दिनारावर पहिल्या ओळीच्या खालून कडेपर्यंत अशी एक रेघ गेलेली होती. तीच रेघ, त्याच जागी, त्याच वळणाची, पहिल्या खणातल्या दिनारावर होती. दोन्ही नाणी एकाच ठशाची. अब्दुल मलिकच्या वेळचा, 77 किंवा 79 चा ठसा त्याच्या मुलाच्या, सुलेमानच्या कारकिर्दीपर्यंत, वीसेक वर्षं हातोड्याखाली टिकणं शक्य नाही. म्हणजे हे 97, नाहीतर 99.

मुलगी पडद्याकडे बघत होती. तिला कळलं होतं. हलक्या आवाजात तिने विचारलं, यादीत आहे तसंच ठेवलं तर? कागद आहे, चिठ्ठी आहे, बाबांना या वयात कशाला. भाचा काय उत्तर देणार होता ते कळलं नाही, कारण शेठच म्हणाले, "काय सापडलं?"

भाच्याने सांगितलं. जसं होतं तसं, आवाज न चढवता, न उतरवता.

शेठ बराच वेळ पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाचांना फोन लाव."

कोकणात पाऊस होता, आवाज तुटत होता. आपलं म्हणणं खरं ठरलं याचा चाचांच्या बोलण्यात मागमूसही नव्हता. रेघेचं ऐकल्याबरोबर म्हाताऱ्याचा आवाज तरुण झाला. "कुठून कुठे गेलीय? दोन्हींवर सारखीच लांब आहे का? अरे, मोजून बघ! चीर वाढत जाते. 98 पेक्षा लांब असेल तर नाणं नंतरचं, आखूड असेल तर आधीचं!"

भाचा पडद्याकडे वळला. शेठने त्याला थांबवलं, मुलीला भिंग मागितलं, आणि दोन्ही दिनार तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. कापऱ्या हाताने भिंग जुळायला वेळ लागला. फोनवर चाचा शेठ काय म्हणतात याची वाट बघत राहिले.

"आखूड आहे," शेठ म्हणाले. "98 वर कडेला जाऊन भिडलीय. यावर शेवटच्या अक्षराच्या अलीकडेच थांबते."

"मग?"

"97."

"बरोबर वाचलंत," चाचा म्हणाले.

"97 माझ्याकडे आधीच आहे."

"मग दोन झाली. ते पण भिंगाखाली घ्या शेठ, त्याच्यावर ही चीर आहे का बघा. ठसा तोच असून चीर नसेल तर ते चीर पडायच्या आधीचं. ठसा त्याच साली चिरला हेसुद्धा कळेल आपल्याला."

शेठने मुलीला दुसरं 97 काढायला सांगितलं आणि फोन स्पीकरवर टाकला.